चुन्याचा ठिपका

दादा परदेशी गेल्यावर आमच्या घरात इंग्रजी अक्षरं वाचता येणारा मी एकटाच उरलो, आणि या घराचं सगळ्यांत मोठं नुकसान इंग्रजी अक्षरं वाचूनच झालं. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात. त्यांनी हसावं म्हणूनच सांगतो. माझ्या फजित्यांची पोतडी मोठी आहे, आणि लग्नाच्या मांडवात, मयताच्या ओट्यावर ती मी सारख्याच हौसेनं सोडतो. ही गोष्ट मात्र मी नेहमी अर्ध्यावर आणून थांबवतो. आज पुढची अर्धी लिहायला बसलो आहे.

कोळवणला आमचं घर वस्तीच्या कडेला, दोन खोल्यांचं, कौलारू. पुढच्या खोलीत दादाच्या वस्तू राहायच्या आणि मागच्या खोलीत आम्ही, असा मामला. बाप मी चालायला लागलो त्या साली गेला. दादा तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे बापाची जागा चालवण्याइतका मोठा, असं भावकीचं मत पडलं, आणि त्यानं ते निमूट मान्य केलं. वायरमनचं काम शिकला, पिरंगुटला एका कारखान्यात लागला आणि तिथल्याच कुणाच्या ओळखीनं आखातात गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक टेपरेकॉर्डर, एक चौदा इंची काळापांढरा टीव्ही आणि माझ्यासाठी एक घरगुती संगणक आला. काळं, चपटं, रबरी बटणांचं यंत्र. वहीपेक्षा फार मोठं नाही. टीव्हीला जोडायचं, आणि त्यात लिहिलेलं काही टिकवायचं असेल तर टेपरेकॉर्डर लावून साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरायचं. वीज गेली की यंत्राच्या पोटातलं सगळं पुसलं जायचं, कॅसेटवरचं तेवढं उरायचं. मी तेव्हा पुण्यात आयटीआयला होतो आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. गावातलं शहाणंसुरतं माणूस येऊन विचारायचं, "गौत्या, ह्याच्यावर कुस्ती दिसती का रं?" मी म्हणायचो, "कुस्ती न्हाई, उद्याचं भविष्य दिसतं." त्या यंत्राला पुढच्या अर्ध्या तासाचंही भविष्य झेपत नव्हतं, हे मला नंतर कळायचं होतं.

टेपरेकॉर्डर आईचा होता. आईला वाचता येत नव्हतं आणि दादाची पत्रं मी वाचून दाखवली तर तिचा विश्वास बसायचा नाही; मी मधला मजकूर खातो असा तिचा आरोप होता, आणि तो पूर्ण खरा होता. म्हणून दादानं कॅसेटवर बोलून पाठवायला सुरुवात केली. तिकडून सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या पिशवीत कॅसेट यायची. आई ती ऐकायची, मग तिच्यावरच आपलं बोलणं भरायची आणि परत जाणाऱ्याच्या हवाली करायची. तिच्या बोलण्यात मागे शेळी ओरडायची, तव्यावर तांदळाची भाकरी सुटल्याचा आवाज यायचा, आणि ती मध्येच म्हणायची, "थांब रं सुदाम, जाळ मागं वडते." टेप चालूच. दादा म्हणायचा की तिकडे त्याच्या खोलीत राहणारी सहाही जणं तो जाळ मागे ओढून होईपर्यंत थांबतात. अशी तीच ती कॅसेट समुद्रापार चारपाच वेळा जाऊन आली, आणि प्रत्येक खेपेला आधीचं बोलणं पुसून नवं भरलं गेलं. कुणाला वाईट वाटायचं नाही. पुढचं येणारच होतं.

शेवटची कॅसेट नवी होती. जाड, जपानी, पारदर्शक डबीतली. आदल्या खेपेची मी मधेच पळवून तिच्यावर सिनेमाची गाणी भरली होती, म्हणून दादानं ह्या कॅसेटच्या मागच्या काठावरच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकल्या होत्या. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं लाल बटण खाली जातच नाही, वर काही भरता येत नाही. त्या कॅसेटमध्ये तो म्हणालाही होता, "आये, हिचं कान तोडून धाडतोय. न्हाईतर तुझा लाडका हिच्यावर नाच-गाणी भरंल." आई हे वाक्य आलं की दर वेळी माझ्याकडे बघायची.

ती आल्यावर दीड महिन्यानं कॅसेटऐवजी दादाबरोबर काम करणारा एक माणूसच आमच्या दारात आला. आणि त्याच्या मागोमाग पेटी. पेटी उघडायची नाही, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. आईनं दोनदा विचारलं, "नुसतं तोंड तरी?" त्यांनी नाही म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, आई पुढच्या खोलीत टेपरेकॉर्डरपुढे मांडी घालून बसायची. तंबाखूला चुना लावायची आणि त्याच बोटानं कॅसेट घालायची. तिला बाजू कशी कळते हे मी कधी विचारलं नाही. एक कळ दाबली की दादा खोलीत यायचा. "आये, जय भीम. मी सुदाम बोलतोय." जणू ती ओळखणार नव्हती. मग खोकायचा. मग तिकडच्या खुबूस नावाच्या रोटीला नावं ठेवायचा, कुणीतरी पीठ आणलं म्हणून भाकरी थापायला बसला आणि परातीतच ती कशी फाटली ते सांगायचा. मागे पंख्याचा आवाज, कुणीतरी भांडी घासतंय. मी तोवर यंत्राच्या तयारीला लागलेलो असायचो, कारण आईचं ऐकून झालं की टेपरेकॉर्डर माझा. अर्धं ऐकायचो, अर्धं नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण कान देऊन ऐकतं?

मी त्या यंत्रावर एक खेळ रचत होतो. भातलावणीचा. पडद्यावर वाकलेली बाई, ती रोप लावत मागे मागे सरकते, आणि बांधातून खेकडे निघून तिच्या पायाला धरायला येतात. दादाला वचन दिलं होतं, दिवाळीला आलास की दाखवतो. तो पेटीतून आला तरी मी रचणं सोडलं नाही. उलट खुळ्यासारखा दिवसदिवस बसायला लागलो. आयटीआयला दांड्या मारल्या. पडद्यावरची ती बाई पूर्ण लावणी करून बांधावर चढली की काहीतरी फिटेल, असं मला वाटत होतं. काय फिटेल ते विचारू नका, तेव्हाही माहीत नव्हतं.

आणि खेळ संपत आला तसं यंत्र बिघडायला लागलं. सुरुवातीला अर्धा तास सरळ चालायचं. मग एखादं अक्षर बदलायचं. खेळाला 'भात' हे नाव मी रोमन अक्षरांत दिलं होतं. त्यातला बी गळून त्या जागी गोगलगायीसारखं एक वेटोळं यायचं. (आज ते वेटोळं प्रत्येकाच्या ई-मेलच्या पत्त्यात बसलेलं असतं. माझ्या अंगावर अजून काटा येतो.) कॅसेटवर भरून पुन्हा ताडून पाहिलं की यंत्र पडद्यावर छापील इंग्रजीत लिहायचं की टेपमध्ये चूक आहे. छापील इंग्रजीवर अविश्वास दाखवण्याइतका मी शिकलेला नव्हतो. मी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं, स्क्रू पिळला, आवाज कमीजास्त केला. घरातल्या सगळ्या कॅसेटी वापरून पाहिल्या. गाण्यांच्या गेल्या, वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीची गेली, चुलत्याच्या पोराच्या लग्नातल्या सनईची गेली. सगळ्यांवर तेच उत्तर, टेपमध्ये चूक. मी निष्कर्ष काढला की कॅसेटीच हलक्या आहेत. मला चांगली कॅसेट पाहिजे.

दिवस झोडणीचे होते. खळ्याखळ्यावर भाताचे भारे फळीवर आपटल्याचा धप्‌ धप्‌ आवाज येत होता आणि आई दुसऱ्याच्या खळ्यावर गेली होती. दुपारी वीज जायची वेळ जवळ आली होती. पडद्यावर गोगलगायी वाढत होत्या. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी. तीन महिन्यांचं काम डोळ्यांदेखत नासत होतं आणि पाच मिनिटांत वीज जाऊन उरलेलंही पुसलं जाणार होतं. मी दादाची कॅसेट उचलली.

मी इतका नीच नव्हतो, हे मला सांगू द्या. दादा एकाच बाजूवर बोलला होता, दुसरी कोरी होती. मी फक्त कोरी बाजू वापरणार होतो. कॅसेटवर एका बाजूला ए छापलेलं होतं, दुसऱ्या बाजूला बी. माणूस बोलायला बसला तर पहिल्या बाजूवर बोलणार, म्हणजे ए. म्हणून बी कोरी. हे इतकं उघड होतं की ऐकून खात्री करायला मी अर्धं मिनिट घालवलं नाही. बी बाजूवर, अक्षराच्या शेजारी, भाताच्या दाण्याएवढा पांढरा चुन्याचा ठिपका होता. मी तो पाहिला. आईच्या तंबाखूचा डाग, म्हणून नखानं खरवडून टाकला. मग दादानं पट्ट्या मोडून केलेल्या भोकांवर चिकटपट्टी लावली, बी बाजू वर करून कॅसेट आत घातली, लाल बटण दाबलं. ते सुखानं खाली गेलं. चार मिनिटं भरत होतं. भरून संपलं, मी टेप थांबवला, आणि तेवढ्यात वीज गेली. मी स्वतःवर इतका खूश होतो की शिट्टी वाजवत ओढ्यावर अंघोळीला गेलो.

परत येताना पुढच्या दारातून यंत्राचा तो आवाज ऐकू आला. कॅसेटवर भरलेला प्रोग्रॅम साध्या टेपवर वाजवला तर पत्र्यावर खिळा ओढावा तसा किरकिरतो. वीज नव्हती, पण आईनं सेलवर टेप लावला होता. मी उंबऱ्यापाशीच थांबलो. ती खळ्यावरून तशीच येऊन बसली होती, केसांत भाताची कुसं. मला वाटलं, आता घाबरून बंद करील, मला हाक मारील, शिव्या देईल. मी शिव्यांची वाट बघत होतो.

आई बोलत होती. त्या किरकिराटावर, मान खाली घालून, सावकाश, दादाच्या चालीत. "आये, जय भीम. मी सुदाम बोलतोय." मग ती खोकली. जिथे तो खोकायचा तिथेच, तेवढीच. मग खुबूस. मग पीठ, परात, फाटलेली भाकरी. तो जिथे हसायचा तिथे ती हसली नाही, पण हसण्याएवढी जागा सोडून थांबली. शब्द तिला सगळे पाठ होते. मी आत गेलो, तिच्या पायाशी बसलो.

"आये, माझ्या हातनं..."

"गप. मधी बोलू नगं. त्याचं बोलणं सरलं न्हाई अजून."

ती बोलत राहिली. मी उठून बाहेर गेलो. पाठीमागे किरकिराट एकदम थांबला, आणि वाक्याच्या मधूनच दादाचा खरा आवाज आला. आई त्याच क्षणी गप्प झाली, गाणाऱ्यानं दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र फडक्यात बांधून पौडला वाघुले मिस्त्रींकडे गेलो. एसटी स्टँडच्या मागे त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. एका कानानं ते पार बहिरे होते, आणि लोक म्हणायचे की म्हणूनच रेडिओ नीट करतात, ऐकत बसत नाहीत. त्यांनी जन्मात संगणक पाहिला नव्हता. मी टेपबद्दल, कॅसेटीच्या दर्जाबद्दल पंधरा मिनिटं बोललो. ते बरा कान पुढे करून ऐकत होते.

"कवा बिघडतंय?"

"चालू केल्यावर अर्ध्या तासानं."

"आन् बंद करून ठिवलं तर?"

"परत सरळ चालतं."

"मग लेका, गरम झाल्यावर बिघडतंय ते आतलं हाय. त्यात कॅशेटीचा काय दोष?"

त्यांनी यंत्र उघडलं. आत काळ्या झुरळांसारख्या चिपा ओळीनं बसलेल्या. मी शिकवल्यासारखं सांगितलं की ही आठ जणांची ओळ म्हणजे यंत्राची स्मृती, प्रत्येक अक्षराचे आठ तुकडे होतात आणि एकेक तुकडा एकेकाकडे राहतो. "मंजी आठ भाऊ," ते म्हणाले, "येक जरी नादार निघाला तरी अक्षर मोडलं." अर्धा तास आम्ही यंत्र चालू ठेवून चहा प्यालो. गोगलगायी दिसायला लागल्या. मिस्त्रींनी बोट थुंकीनं ओलं केलं आणि एकेका चिपेवर टेकवत गेले, बाई इस्त्री तापली का पाहते तसं. सातवीवर त्यांनी हात झटकला. "ह्यो." ती गार व्हावी म्हणून स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा तिच्यावर ठेवला. मी त्यांच्या सांगण्यावरून यंत्राला एक आकडा जपायला द्यायचो आणि लगेच परत मागायचो. बोळा ठेवला की दोनशे पंचावन्न दिले तर दोनशे पंचावन्न मिळायचे. बोळा काढला, थोडं थांबलो, की दोनशे त्रेपन्न. बोळा ठेवला, पंचावन्न. काढला, त्रेपन्न. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी मिस्त्रींनीच माझ्या हातातून बोळा काढून घेतला.

"झालं की निदान. आता का रडतुयास?"

मी त्यांना काय सांगणार? की मिरवणुकीची कॅसेट चांगली होती. सनईची चांगली होती. टेपनं जे मिळालं ते इमानानं जपलं होतं. खोट यंत्राच्या पोटात होती आणि ते दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. हेच बोट मी सात दिवस आधी चिपेवर टेकवलं असतं तर दादा पूर्ण राहिला असता. आणि आधी कशाला, त्याच दिवशी, त्या ठिपक्याचा अर्थ आईला विचारला असता तरी. घरी आल्यावर ते मी विचारलं. ती चूल सारवत होती. "तू वाचतो ती अक्षरं मला कुटं येत्यात? सुदामचं बोलणं ज्या अंगाला, त्या अंगाला म्या चुना लावला." माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता लावला न्हाई तरी चालंल. आवाज आला का कळतंच."

नवी चिप पुण्यात बुधवार पेठेतल्या रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानातून मिळवली. बसवल्यावर यंत्र ठणठणीत झालं. खेळ मात्र पुन्हा लिहिला नाही. दादाच्या कॅसेटवर तो नासलेला पडून आहे. त्यातली बाई कधी बांधावर चढली नाही.

आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीनदा कॅसेट लावायचीच, आणि चार मिनिटं ती बोलायची, मग तो बोलायचा. मी एकदा म्हणालो, तू बोलतेस ते दुसऱ्या कॅसेटवर भरून घेऊ. "माजा आवाज कशाला? ते बोलणं त्याचं हाय," म्हणाली. निदान लिहून घेऊ का, असं मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती कळ दाबायला बसली की मला काहीतरी काम आठवायचं. शेळी सोडायची, पाणी आणायचं, पौडला जायचं. एकोणीस वर्षांत ती चार मिनिटं मी एकदाही बसून ऐकली नाहीत. फजितीचा पुरता मानकरी मी तेव्हा झालो. चिकटपट्टी लावली तेव्हा नव्हे.

मागच्या महिन्यात माझी लेक प्रज्ञा आली होती. ती हिंजवडीला कामाला आहे. कॅसेट झिजत चालली म्हणून तिनं ती आपल्या संगणकात उतरवून घेतली. कानाला लावलेलं काढून म्हणाली, "बाबा, सुरुवातीला नुसती खरखर आहे चार मिनिटं. कापून टाकू का? मग थेट काकाच ऐकू येतील."

"राहू दे," मी म्हणालो. "तिथं आजी बोलायची."

ती बाहेर गेल्यावर मी एकटाच ऐकायला बसलो. किरकिराट सुरू झाला. मी तोंड उघडलं. "आये, जय भीम. मी सुदाम बोलतोय." खोकलो. खुबूस आलं, पीठ आलं, परात आली, कान तोडल्याचं आलं. त्यापुढे काही येईना. किरकिराट चालू होता, अजून अडीच मिनिटं होती, आणि मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो. आई इथे काय म्हणायची? तो तिकडे आजारी होता का? काम धोक्याचं होतं, ते सांगत होता का? काहीतरी होतं, कारण खरखर थांबून दादाचा आवाज जिथून लागतो ते वाक्य अर्धं आहे. त्याचा आधीचा अर्धा भाग आता कुणालाच ठाऊक नाही. मी वाट बघत राहिलो, आणि वेळ झाली तसा तो आला, तरणाबांड, माझ्या लेकीपेक्षाही लहान:

"...म्हणून म्हंतो, आये, काळजी करू नगं. मी हाय."